धुऱ्यावरचे कण

डोंगरे मॅडम वर्गाच्या दारात कुणालाही उभे राहू देत नसत. उशिरा आलेली मुले उंबऱ्यावर रेंगाळत, हजेरीपुरती आत डोकावत आणि निघून जात. इतर प्राध्यापक तिकडे बघत नसत. मॅडम मात्र शिकवता शिकवता थांबायच्या. "आत ये, नाहीतर बाहेर जा. मधात उभा राहशील तर कोनाच्याच हिशेबात येनार नाहीस." आवाज चढलेला नसायचा. मुलगा आत येऊन बसला की खडू पुन्हा फळ्यावर चालू लागायचा.

मॅडमना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण आमची पहिली भेटसुद्धा दारातच झाली होती, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

मी कामठ्याहून सायकलने गोंदियाच्या कॉलेजात यायची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर मी बराच वेळ उभी होते. आत जाताना चपला काढायच्या की नाही, हे मला माहीत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. मॅडम मागून आल्या.

"काऊन वो, आत काय वाघ आहे?"

मी चपलांकडे बघत राहिले. त्यांना समजले. "घालूनच ये. इथं देव नाही, करंट आहे."

मॅडम तिरोड्याकडच्या एका खेड्यातल्या. त्यांची आई दुसऱ्याची धानाची शेती बटईने करायची. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत, पण प्रयोगशाळेत कामात बुडाल्या की गावची बोली आपोआप तोंडात यायची. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या पीएच.डी. करत होत्या. विषय प्लाझ्मा. सूर्यात अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ऊर्जा निघते. तेच जमिनीवर घडवायचे तर वायू इतका तापवावा लागतो की कुठलेही भांडे त्याला धरू शकत नाही. म्हणून हा तापलेला वायू, म्हणजेच प्लाझ्मा, चुंबकाच्या अदृश्य कड्यात अधांतरी धरून ठेवायचा. "सूर्य टोपल्यात धरायचा, अन् टोपला जळू द्यायचा नाही," असे त्या सांगत. तो टिकतो की निसटतो, हे आधी संगणकावर बघायचे. लाखो कण, आणि प्रत्येक कण क्षणोक्षणी कुठे जातो त्याचे गणित.

एवढे गणित एका संगणकाला झेपत नाही. कॉलेजने जुने संगणक भंगारात काढले तेव्हा मॅडमनी ते प्राचार्यांकडून मागून घेतले आणि तारांनी एकमेकांना जोडले. मग प्लाझ्माचे तुकडे पाडले आणि प्रत्येक संगणकाला एक तुकडा दिला. "धानाच्या शेतात बांध घालून कशा बांध्या पाडतात, तसं. ज्याची बांधी त्यानं पाहायची. पानी या बांधीतून त्या बांधीत जाते, तसा कन हद्द ओलांडून गेला की पुढच्याच्या हवाली." त्यांनी संगणकांना आईच्या शेतातल्या बांध्यांचीच नावे दिली होती: मोहाखालची, लांबी, नाल्याकडची. एकदा प्रयोगशाळेतले उके भाऊ व्हरांड्यातूनच ओरडले, "मॅडम, मोहाखालचीतून धूर निघून राहिला!" प्राचार्य तिथून चालले होते. ते घाबरून म्हणाले, "अरे, किसका खेत जल रहा है?"

तास सुटल्यावर मीही त्यांच्या मदतीला थांबू लागले. आमचा खरा वैरी म्हणजे भारनियमन. तिकडे तिरोड्याला वीज केंद्राचे मोठाले खांब उभे राहत होते आणि इकडे आमची लाइट जायची. "माह्या गावाजवळ वीज बनवाची तयारी, अन् माहाच प्लाझ्मा अंधारात," मॅडम हसायच्या. सारे गणित बुडू नये म्हणून त्यांनी एक सोय लिहिली. लाइट जायच्या वेळेआधी प्रत्येक संगणकाने आपापल्या बांधीतले कण जपून ठेवायचे आणि लाइट आली की तिथूनच पुढे चालायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना नागपूरहून बोलावणे आले. बाहेरच्या एका संशोधन संस्थेचा महासंगणक वापरायला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. आपल्या छोट्या यंत्रावरचे उत्तर नागपुरात त्या संस्थेच्या समितीपुढे मांडायचे. समितीला पटले तर त्या मोठ्या यंत्रावर वेळ मिळणार. त्या वेळेशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता आणि मॅडमच्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती.

उत्तर तर फार सुंदर आले होते. प्लाझ्मा कड्यात शांत बसलेला, कुठे खळबळ नाही. उके भाऊंनी समोसे आणले. मॅडमनी आलेख काढायचे काम माझ्याकडे दिले. ते करताना मला एक गोष्ट खटकली. मी तीन-चारदा तपासून पाहिले. वाटले, आपलेच चुकत असेल. शेवटी त्यांच्या टेबलाजवळ गेले.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचार ना. विचाराचं कायले विचारतेस?"

"आपण सुरुवातीला जेवढे कण टाकले, तेवढे शेवटी नाहीत."

त्यांच्या हातातला समोसा तसाच राहिला. "कधी कमी होतात?"

"लाइट जाऊन आली की. थोडेच होतात, पण दर वेळी."

त्या उठल्या, पडद्यासमोर बसल्या आणि बराच वेळ त्यांनी आपलेच लिखाण वाचले. मग खुर्चीला पाठ टेकून म्हणाल्या, "धुऱ्यावरचे."

मला समजले नाही. त्यांनी समजावले. कण जपून ठेवायच्या नेमक्या क्षणी काही कण हद्दीवर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, असत. एका संगणकाने ते सोडलेले, दुसऱ्याने अजून घेतलेले नाहीत. ते कुणीच जपले नाहीत. "अन् हद्द सगळ्यात जास्त कोन ओलांडते? जो जास्त पळते तो. म्हंजे तापलेले कनच गळून राहिले. म्हनून आपला प्लाझ्मा शांत."

मग त्या एकदम आईविषयी बोलू लागल्या. बांधीतले धान मालकाशी अर्धे-अर्धे वाटावे लागे. पण धुऱ्यावर लावलेली तूर पूर्ण आईची, असा त्यांच्या गावचा रिवाज होता. "वर्षभराचं वरन त्या धुऱ्यावरून याचं. माय धानापेक्षा तुरीले जास्त जपे. अन् तिची पोरगी धुराच विसरली!" त्या हसल्या, पण चष्मा काढून पुसत राहिल्या.

विभागप्रमुख सरांनी सगळे ऐकून घेतले आणि समजुतीने म्हणाले, "मॅडम, इतने से क्या फर्क पडता है? तुमची नोंदणी संपून राहिली. समितीत कोण कण मोजायला बसलंय?"

"मी बसली ना," मॅडम म्हणाल्या.

गणित पुन्हा पहिल्यापासून करायला दिवस उरले नव्हते. तरी त्या नागपूरला गेल्या आणि मलाही सोबत नेले. समितीच्या खोलीत त्यांनी तो सुंदर आलेख दाखवला आणि म्हणाल्या, "हे उत्तर चूक आहे. का चूक आहे, तेवढं सांगायला मी आले आहे." मी दारातच थांबले होते, आत माझे काय काम? सगळे ऐकल्यावर समितीतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारले, "ही गळती तुमच्या लक्षात कशी आली?"

"माझ्या नाही आली. हिच्या आली." मॅडमनी मागे वळून पाहिले. "ये वो, आत ये."

मी आत गेले. काय बोलले ते आठवत नाही. मॅडमचा हात पाठीवर होता, तेवढे आठवते. समितीने सांगितले, दुरुस्त करून पुढच्या वर्षी या.

परतीच्या गाडीत मॅडम शेंगा सोलत होत्या. मला रडू येत होते. त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "काऊन रडून राहिली? आता लोक मले डॉक्टर म्हननार नाही, मॅडमच म्हनतीन. तसंही डॉक्टर म्हटलं की शेजारच्या बाया गुडघे दाखवाले आल्या असत्या."

मुदत संपली. वाढवून मिळाली नाही. तरी दुरुस्ती झालीच. हद्दीवरचा शेवटचा कण कुणाच्या तरी पदरात पडेपर्यंत सगळ्या बांध्यांनी थांबायचे आणि मगच जपून ठेवायचे, असे आम्ही लिहिले. नव्या उत्तरात प्लाझ्मा शांत नव्हता. कडेला उसळत होता, वळवळत होता. मॅडम कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. "आता कसा जिता वाटते," एवढेच म्हणाल्या. प्रबंध झाला नाही, पण त्या उसळीचा पिच्छा त्यांनी शेवटच्या आजारपणापर्यंत सोडला नाही.

मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली तेव्हा समितीतल्या त्या बाईंचा कॉलेजात फोन आला. त्यांच्या संस्थेत उन्हाळी प्रशिक्षण होते आणि कण मोजणारी मुलगी त्यांना हवी होती. ज्या यंत्रावर मॅडमना वेळ मिळाला नाही, त्याच यंत्रावर मी शिकणार होते. हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांनी मात्र विचारले, "तिकडे थंडगार खोली असते म्हनतात. स्वेटर आहे का?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा आणून दिला.

गोंदियाच्या फलाटावर त्या मला सोडायला आल्या होत्या. गाडीला गर्दी नव्हती. माझी जागा आतच होती, तरी मी पिशवी धरून डब्याच्या दारात उभी राहिले. माझे गाव, बाबा, सायकल, सगळे इकडेच राहणार होते आणि पुढे काय आहे ते मला माहीत नव्हते. मला त्यांचे आभार मानायचे होते. त्यांची मुदत, त्यांचे यंत्र, असे काहीतरी मी बोलू लागले. गाडीने शिटी दिली.

"ते राहू दे," मॅडम फलाटावरून म्हणाल्या. "दारात उभी नको राहू. आत जाऊन बस."

मी आत गेले. खिडकीतून पाहिले, तेव्हा त्या निघाल्या नव्हत्या. मी बसले की नाही, ते पाहत होत्या.