एक, चार नाहीतर सात

ठाण्याच्या इस्पितळात हिनं शेवटचं विचारलं ते खाटेचा नंबर. "सतरा," मी म्हटलं. तशी मान वळवून तिनं खाटेवरचा नंबराचा पत्रा स्वतः बघून घेतला, पुटपुटली, "वर्ग दोनशे एकोणनव्वद... म्हणजे एक," आणि हसली. त्या हसण्याचाही मला संशय आला. सकाळी मी बाहेर चहा पीत असताना वॉर्डबॉय सांगायला आला. ती जाऊन दीड महिना झाला.

मी चौथी नापास, अनसूया सातवी पास. लग्नानंतर आम्ही ठाकुर्लीला राहायचो. कल्याणच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवायचं माझं काम. घरी आलो की पाण्याआधी हिचं सुरू, "अहो, आज कुठले कुठले डबे?" मी सांगायचो, ही पाटीवर लिहायची. ते रेशनिंगचे दिवस. यार्डात कुणी धान्याचा डबा फोडला आणि साहेब म्हणाला, नंबर आतूनच बाहेर जातोय. बाईला डब्यांचे नंबर हवेत कशाला? हिचा भाऊ कल्याणच्या बाजारात हमाल... त्या दिवसापासून मी मनानेच नंबर ठोकून द्यायला लागलो.

आठ दिवसांनी हिनं पेन्सिल खाली ठेवली. "खोटे सांगताय ना? एकही नंबर शून्यावर संपत नाही. रेल्वेनं शून्याचे डबे मोडीत काढले?"

"तू कुणाला देतेस ते सांग आधी!"

"देते? अहो, ज्याला कशानंच भाग जात नाही तो आकडा शोधते मी. त्याचा वर्ग करायचा, वर्गातले अंक मिळवत जायचं, एकच उरेपर्यंत. एक, चार नाहीतर सात. दुसरं काही येतच नाही."

मी तिथल्या तिथे तीन घेतला. "नऊ! पकडली!"

"तेवढा एकच वाकडा. तुमच्यासारखा."

चोर पुढे सापडला, यार्डातलाच निघाला. मी माफी मागितली नाही. रोज खरे नंबर सांगत राहिलो, न विचारता. ही नुसती "हं" म्हणायची, भाकरी थापत. पुन्हा तिनं नंबर विचारला तो थेट इस्पितळात.

गेल्या आठवड्यात माळ्यावर लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पाटी सापडली. अक्षर जसंच्या तसं. वर ४१२७, माझ्याच डोक्यातला डबा. बाजूला लिहिलंय, "खोटा." खाली वर्ग, १७०३२१२९, आणि त्याखाली, "तरी सात."

माझा विश्वास बसेना. पाटी पुढ्यात घेऊन स्वतः गुणाकार केला, दोनदा चुकलो, चार दिवस गेले...

सातच.