साक्रीच्या डोंगरातली स्कॉटिश भिंत

धुळ्याच्या देवपूरहून साक्रीच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत हातोडी, टेप आणि मीच दिलेल्या एका दाखल्याची प्रत होती. मी बांधकाम अभियंता. महिन्यापूर्वी नुसते फोटो पाहून मी एका डोंगरगावातल्या जुन्या बंगल्याबद्दल लिहून दिले होते : 'अंगणवाडीस योग्य.' परवा त्या बंगल्याचा मूळ नकाशा हाती आला, तोवर तिथे मुले बसूही लागली होती.

कुण्या स्कॉटिश साहेबाने तो आपल्या मुलखाच्या रीतीने बांधला होता. नकाशावर 'हार्लिंग' (खडी-चुना फेकून चढवलेला जाड गिलावा) असे लिहिले होते. फोटोत मला भक्कम वाटली ती भिंत नव्हतीच, तो गिलावा होता.

साक्रीला जीप भरेपर्यंत भजी घेतली. दोन खाऊन बाकीची तशीच गुंडाळून ठेवली. त्यात घाटाखाली जीप पंक्चर झाली. मी थांबलेच नाही, सागाच्या रानातून चालत सुटले.

वळणावर बंगला दिसला. त्रिकोणी भिंतीच्या दोन्ही कडांनी 'कॉर्बी स्टेप्स' (कावळ्याच्या पायऱ्या, म्हणजे चढत गेलेले दगडी टप्पे) आणि वर 'लम' (धुराडे). देखणे होते, पण धुराडे आतल्या बाजूला कलले होते. बरोबर त्याच्या खाली सतरंजीवर पोरे गाणे म्हणत बसली होती.

सेविका सुमनताईंना मी म्हटले, "आधी मुलांना बाहेर घ्या."

"बाहेर ऊन किती आहे, मॅडम! आणि दाखला आहे ना आमच्याकडे."

"तो मीच दिलाय. न पाहता दिलाय."

मी पिशवीतून हातोडी काढली. तेवढ्यात गावचे जुने गवंडी धोंडूआबा आले. त्यांनी माझी हातोडी घेऊन भिंतीवर दोन-तीनदा हलकेच ठोकले, कान लावला. आवाज पोकळ येत होता.

"पोकय शे, ताई. बठ्ठा पोरेसले बाहेर काढा."

मुले लिंबाखाली गेल्यावर आबांनी बाहेरून गिलाव्याचा एक पापुद्रा उचकटला. फटीतून माती आणि बारीक दगड भळाभळा वाहू लागले. आम्ही मागे धावलो. धुराडे करकरले, थोडे आणखी झुकले आणि थांबले.  बोलणी खायची तयारी ठेवून मी सुमनताईंकडे वळले.

त्या एवढेच म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. पण उद्या पोरं कुठे बसवू?"

 आबा हात झटकत म्हणाले, "मना वट्टावर बसाडा."

त्यांचा ओटा पाहूनच निघाले. गुडघ्याइतका, छपराखालचा, मातीचा, शेणाने सारवलेला. सवयीने मी टेप काढणार होते. मग खाली वाकून हाताने चाचपून पाहिला, पक्का होता. परतीच्या एसटीत धुळ्यापर्यंत नखांतली ती माती काढावीशी वाटली नाही.