एकच मोरी की सगळ्या?

किस्से आम्हाला शोधावे लागत नाहीत. मोरीच्या जाळीत केस अडकतात तसे ते आपोआप गोळा होतात, आणि अधूनमधून ओढून काढले नाहीत तर डोक्यात पाणी साचतं. म्हणून लिहितोय.

आम्ही म्हणजे मी आणि रियाज. सोलापुरात चोकअप काढतो. मी डिप्लोमा अर्धवट सोडला, कारण शिकवणाऱ्यांना शिकवायचं नव्हतं आणि मला तिथं बसून झोपायचं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "गटारात हात घालणारा माझ्या घरात जेवणार न्हाई." मी ताटावरून उठलो तो रियाजच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आलो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. गल्लीत ते सांगतात, पोरगं पुण्याला कंपनीत आहे. मग मीही मुद्दाम त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक खांबावर आमचा स्टिकर चिकटवला, फोन नंबरासकट.

फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : एकच मोरी तुंबलीय की सगळ्या? एकच असेल तर दोष तिथल्याच जाळीत नाहीतर पाइपात. सगळ्या असतील तर बाहेरचं चेंबर उघडायचं. साधा प्रश्न. पण मोठी माणसं उत्तर सोडून शेजाऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागतात.

*

प्रत्येक घरात एक म्हातारा असतो आणि त्याच्याकडे एक तार असते. तो ती खुपसतो, कचरा आणखी आत ढकलतो, पाणी तात्पुरतं जातं आणि हा आठवडाभर मिशीला पीळ देत फिरतो.

अशाच एका काकांनी आम्हाला छातीठोक सांगितलं की आत काहीही घातलेलं नाही. आम्ही पाइपात आमची लांबलचक स्प्रिंग घालून फिरवली. आधी केसांचा बोळा आला. मग काकांची तार आली. मग आणखी एक तार आली, पार गंजलेली.

काकांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं गंज खरवडला. "ही आमच्या वडलांची," म्हणाले.

*

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी अख्खी गल्ली एकदम धुणीभांडी काढते आणि सगळ्यांच्या मोऱ्या एकदम रडायला लागतात. एका मावशींकडे आम्ही नेमके कोरड्या दिवशी पोचलो. ओतून बघितल्याशिवाय कुठं अडलंय ते कळणार कसं? मी बादलीभर पाणी मागितलं. मावशींनी असं बघितलं, जसं काही मी गळ्यातलं मंगळसूत्रच मागितलंय.

शेवटी भांडी घासलेलं पाणी मिळालं. ते ओतलं, अडलेलं काढलं, सळसळत सगळं गेलं. मावशी जाळीशी वाकून उभ्या.

"गेलं व्हय समदं?"

गेलं की, म्हटलं.

"झाडाला तरी घातलं आस्तं रं."

*

बाथरूमच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. त्यात पाणी राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. मूळ नाव नहाणी ट्रॅप. आम्ही सगळे म्हणतो 'नानी'.

रियाजच्या ओळखीतल्या एका घरी काम होतं. मी आतून ओरडलो, "रियाज, नानी पार जाम झालीय. उचलून उलटी करायची, दोन बादल्या मारायच्या!"

मी डोकं बाहेर काढलं. हॉलमध्ये खाटेवर त्या घरची खरीखुरी नानी बसलेली, हातात कपबशी.

"ठैरो बेटा," ती म्हणाली, "पैले मेरेकू चाय तो पीने देव."

*

एका आजोबांच्या घरामागंच टॉवेलचे माग. तरी ते ठासून सांगत होते की आपल्या घरातून सुताचा धागासुद्धा बाहेर जात नाही, दोष वरच्या भाडेकरूंचा. रियाजनं पाइपातून वेणीएवढं सूत ओढून त्यांच्यासमोर धरलं. आजोबांनी ते उजेडात नेलं, धुतलं, चोळलं, ताणून पाहिलं.

"हे आमचं न्हवं. आमचा रंग जात न्हाई."

आणि पिळून, नीट गुंडाळून खिशात घातलं.

*

मागच्या रविवारी सकाळी फोन वाजला. स्क्रीनवर 'आप्पा'.

"नमस्कार. खांबावर नंबर बघितला. चोकअपचं काम तुमीच करता न्हवं?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं. रियाज समोर स्प्रिंग पुसत होता. त्याला आवाज ऐकू गेला असावा, कारण त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

मी गिऱ्हाइकाला विचारतो तेच विचारलं. एकच मोरी की सगळ्या?

"एकच. बाकी समदं वाहतंय."

तार वगैरे घातली का?

"घातली. आतच राह्यली."

आधी जाळी कोण साफ करायचं?

"हुता एक."

मग त्यांनी मला पत्ता सांगितला. माझ्याच घराचा. पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, गिरणीसमोरचा बोळ, सगळं सावकाश, दोनदा. मी नवखा असल्यासारखा हं हं करत राहिलो.

"जेवायच्या टायमाला या," आप्पा म्हणाले. "तवर पाणी बी आल्यालं आसंल."