मार्कांनी माणूस ओळखणारे आमचे व्याही

अख्ख्या मावळात माणसाला तोंडावरून न ओळखता मार्कांवरून ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. माझ्या सुनेचे हे वडील. कामशेतच्या बाजूला एका हायस्कुलात उभा जन्म कारकुनी केली. निकालाचे तक्ते हातानं लिहायचे दिवस होते ते. हजारो पोरांचे मार्क त्यांच्या बोटांतून गेले आणि जाता जाता डोक्यात मुक्काम करून राहिले. नाव विसरतील, गाव विसरतील, मार्क विसरायचे नाहीत. एकदा मी त्यांना गुडघा दाखवायला लोणावळ्यात एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर इंजेक्शन भरत होता. व्याही त्याच्याकडं एकटक बघत राहिले आणि म्हणाले, "विज्ञान, अडतीस." डॉक्टरचा हात जागीच थांबला. "सर, ते नववीचं होतं," बिचारा हळूच म्हणाला. "नववीचंच म्हणतोय. दहावीत सुधारलात. टोचा."

बरं, माणसांवर भागलं असतं तरी चाललं असतं. त्यांना दिसेल त्या वस्तूला मार्क द्यायची खोड. माझ्या सुनेच्या, म्हणजे स्वतःच्याच लेकीच्या, भाकरीला दहापैकी साडेसात. "कडा जाड आहेत, अर्धा तिथं कापला." आमच्या दारातून तिकोणा गड दिसतो, तर त्याला भूमितीत पैकीच्या पैकी आणि चढणीत नापास. माझ्या म्हशीनं एकदा त्यांना लाथ घातली. धोतर शेणात, टोपी गव्हाणीत, आणि हे उठता उठता म्हणतात, "वर्तणूक असमाधानकारक." मी हसलो, तर मलाही तोच शेरा मिळाला.

नात पाचवीत गेली आणि व्याही दर रविवारी कापडी पिशवी घेऊन आमच्याकडं येऊ लागले. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव मार्क मिळतात, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या म्हशीलाही पाठ झालं असेल. पोरीपुढं एक किटली, दोन वांगी आणि एक फडकं मांडायचं आणि तिनं ते काढायचं. चित्र पुरं होईपर्यंत वांग्यांना कुणी हात लावायचा नाही. सून म्हणायची, "नाना, कालवणाला काय घालू? किटली?" तिसऱ्या दिवशी वांगी सुकून गेली, पोरीनं तशीच सुकलेली काढली. पुढच्या रविवारी व्याह्यांनी चित्र लांब धरून बघितलं. "वांगं हुबेहूब आलंय. पण परीक्षेत ताजं मिळेल, बाळा." हसण्यावारी नेलं आम्ही, पण पोरीला ग्रेड मिळाली आणि दहावीला मार्क वाढले, हेही खरं.

ती बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत चांगली आली, पुण्याच्या कॉलेजात नंबर लागण्यासारखा होता. पण जागा आणि फीची सवलत, दोन्ही जातीच्या दाखल्यावर अडली होती. आमच्या घरात तो दाखला कुणी काढलाच नव्हता. मीच काढू दिला नव्हता. त्यासाठी घरातल्या जुन्या माणसाची शाळेतली नोंद लागते, आणि जुना माणूस म्हणजे मी.

"पाहुणे, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला हवा," व्याही म्हणाले.

"उंदरांनी खाल्ला."

"नक्कल मिळते. मूळ नोंद रजिस्टरात असते. फक्त अर्जावर सही ज्याची त्यानं करायची."

"मी करनार न्हाई. आमाला सवलत नको. लोक काय म्हनतील?"

"लोक म्हणतील, पोरगी इंजिनिअर झाली."

मी तोंड फिरवून बसलो. खरं कारण वेगळंच होतं. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत या माणसानं भर बैठकीत मला विचारलं होतं, "पाहुणे, आपलं शिक्षण?" समोर हायस्कुलाचा कारकून, भोवती सगळी भावकी. माझ्या तोंडून निघून गेलं, "सातवी. फायनल पास." मी शाळा सोडली ती दुसरीत. पण तेव्हापासून व्याही चारचौघांत "हे आमचे व्याही, फायनल पास" अशी ओळख करून द्यायचे आणि मी टोपी नीट करायचो. आता नक्कल काढली की तिच्यावर इयत्ता येणार, आणि ती नक्कल याच माणसाच्या हातात पडणार.

व्याही तीन दिवस येऊन ओट्यावर बसले. चहा प्यायचे आणि जायचे. चौथ्या दिवशीपर्यंत कॉलेजाच्या फॉर्मला दाखल्याच्या अर्जाची पावती जोडली नाही, तर जागा जाणार होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून नातीचा आवाज आला, "राहू दे आई. आबांना नको वाटतंय ना, मग नको. मी हितंच बीएस्सीला जाते." शेंगा निवडत बोलत होती. रडली असती, तर मी आणखी एक दिवस ताणलं असतं. ती रडत नव्हती. मी उठलो, टोपी घातली आणि ओट्यावर जाऊन म्हणालो, "चला पाव्हणं."

माझ्या जुन्या शाळेत गुरुजींनी रजिस्टरांचा गठ्ठा पुढं आणला. शोधायला तासभर लागेल म्हणाले. व्याह्यांनी मधलंच एक ओढलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि सरळ माझं पान उघडलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, तो वळलोच.

"तुमाला कसं ठावं, कुटलं पान ते?"

"पोरगी द्यायची होती, पाहुणे. बोलणीच्या आधी येऊन बघून गेलो होतो. इयत्ता दुसरी. कारण, सतत गैरहजर."

माझे कान तापले. "मंग एवढी वर्सं फायनल पास, फायनल पास कशापायी?"

"बैठकीत तुमची तोंडी परीक्षा झाली. एकदा लावलेला निकाल मी बदलत नाही."

"आन् दुसरीतल्या मानसाच्या घरात पोरगी दिली?"

"तुम्हाला कुठं दिली? तुमच्या मुलाला दिली. त्याला एकसष्ट टक्के होते."

गुरुजी खो खो हसले. कधी नव्हे तो मीही स्वतःवर हसलो, आणि अर्जावर सही केली. परत येताना पाय असे हलके पडत होते की व्याह्यांना मागून हाक मारावी लागली. पावती मुदतीत जोडली, दाखला पुढं रीतसर आला, नात पुण्याला हॉस्टेलवर गेली. घरात किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला, ते मलाच ठाऊक.

व्याही अजूनही रविवारी येतात. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. कॉलेजाचं काही पत्र आलं, शिष्यवृत्तीचा कागद आला, की ते माझ्याकडं सरकवतात. "वाचा, पाहुणे." मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत जातो, जोडाक्षराला अडतो. ते घाई करत नाहीत, मान खाली घालून ऐकत राहतात. पूर्वी कुणी कागद पुढं केला की मी चष्मा घरी राहिला म्हणून सांगायचो. आता तो खिशातच ठेवतो.