सहा व्होल्टची जीप

सासुरवाडीत जावयाला बसवायची व्यवस्था चोख असते. त्याला उठवायची तरतूद मात्र कुणी केलेली नसते. त्या वर्षी धोंड्याचा महिना श्रावणात आला होता. अनारसे खाऊन, दिव्याचं वाण घेऊन, नव्या टेरिकॉटच्या शर्टात मी बायकोसह शनिवारी निघणार होतो. रविवारची दुपार झाली तरी तिथंच होतो. शर्ट तेवढा जुना झाला होता.

सोमवारी सकाळी मला जिंतूरच्या शाळेत हजर व्हायचं होतं. नाही झालो तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि तो दुसरा तयारच होता. सासऱ्यांना त्याची काळजी नव्हती. गावातच हायस्कूल काढू, जावई हेडमास्तर होईल, पोरगी डोळ्यांसमोर राहील, असा त्यांचा बेत होता. इमारत, मान्यता आणि विद्यार्थी एवढं सोडलं तर हायस्कूलचं सगळं ठरलं होतं. घरजावई हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. माझ्या मात्र तो प्रत्येक घासाला खड्यासारखा दाताखाली येत होता.

"धोंड्याच्या महिन्यात कुणी नवी नोकरी धरत असतंय का, जावईबापू?" सासरे म्हणत आणि पानावर आणखी एक पुरणाचा धोंडा पडे.

जिंतूरची एस.टी. देवगाव फाट्यावरून जायची. सकाळची गाडी शाळा भरून गेल्यावर पोचायची, म्हणून आदल्या रात्रीची शेवटची गाडी गाठणं भाग होतं. गाव ते फाटा काळ्या रानातली चिखलाची वाट. बैलगाडी होती, पण दारात जीप असताना जावई बैलगाडीतून गेला तर घराणं बुडणार होतं.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, माझ्याहून वयानं मोठी. तिला सासऱ्यांनी परभणीहून ट्रकचे दोन दिवे आणून बसवले होते, जेवायच्या ताटाएवढे. दिवसा ती बिनतक्रार चालायची. अडचण एवढीच, की दिवसा गेलो तर दिवे कुणाला दिसणार? म्हणून आमचं निघणं अंधार पडण्यावर ठेवलं होतं. शनिवारी दिवेलागणीला सगळी गल्ली जमली. मेव्हण्यानं बटण ओढलं आणि ते ताटाएवढे दिवे विडीच्या टोकासारखे लाल झाले.

"असल्या उजेडात जावई पाठवू का मी?" सासरे म्हणाले. आमची पेटी परत आत गेली.

रविवारी सकाळपासून मेव्हणा जीपखाली होता. त्यानं वायर बदलून जाड टाकली. अर्थिंगच्या जागचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला. दिव्यांचा लालपणा हलला नाही.

"दाजी, करंट तर यायलाय," तो खालून म्हणाला, "पण उजेड कुठं जायलाय ते कळंना."

मी ओट्यावर नुसता बसून होतो. शेजारी काढून ठेवलेला जुना बल्ब सहज उचलला. त्यावर सहा व्होल्ट असं लिहिलं होतं. नव्यावर बारा.

"जीप सहा व्होल्टची आहे," मी म्हणालो. "सहाचे बल्ब टाका, लागतील."

"तुमी हात काळे करू नका, जावईबापू," सासरे म्हणाले. "मोठा आणलाय तर बारका कशाला लावायचा?"

माझं म्हणणं मेव्हण्याला मात्र पटलं, पण उलट्या बाजूनं. दिवे बाराचे असतील तर जीपच बाराची करू. त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली.

"इंजिनाची कॉइल जळेल," मी म्हणालो.

"जुनी हाय बिचारी. तिला बी जरा ताकद भेटंल."

संध्याकाळी बटण ओढलं आणि समोरची भिंत पांढरी झाली. पोरं ओरडली, एक गाढव दावं तोडून पळालं. जीप एका झटक्यात चालू झाली. सासरे फेटा सावरून स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी, मागे बायको, पेटी आणि मेव्हणा. गावातून त्यांनी जीप इतकी हळू नेली की पायी चालणारी माणसं पुढे निघून गेली आणि वळून पाहत थांबली. मी मनात एस.टी.चा हिशेब करत होतो.

निम्म्या वाटेवर जळका वास आला. जीप दोनदा उचक्या देऊन चिखलात बंद पडली. दिवे तेवढे लख्ख चालू राहिले. बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. पुढचा रस्ता इतका स्वच्छ मी दिवसासुद्धा पाहिला नव्हता. फक्त त्यावरून जाता येत नव्हतं.

"काही काळजी करू नका," सासरे म्हणाले. "ट्रॅक्टर बोलावतो. वढत माघारी नेऊ. उद्याचं उद्या बघू."

"आबा, ट्रॅक्टरची बॅटरी हितं हाय," मागून मेव्हणा म्हणाला.

मी उतरायला पाय उचलला. सासऱ्यांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. "जावई चिखलात? गाव काय म्हणंल?"

आजूबाजूला बेडकांखेरीज गाव नव्हतं. तरी माझा पाय खाली गेला नाही. दोन दिवस मान घेतला की माणसाला चालायची लाज वाटायला लागते, हे मला तिथं कळलं. मी बसून राहिलो आणि मनातल्या मनात हेडमास्तर झालो.

मागे धप्प आवाज आला. बायको चप्पल हातात घेऊन, लुगडं खोचून चिखलात उभी होती.

"आबा, मी काई जावई न्हाई. मला चिखल चालतोय."

"आन् ह्यायचं?"

"ते येतेत माझ्या मागं. पेटी लावून द्या सवडीनं."

ती चालायला लागली. सासऱ्यांचा हात गुडघ्यावरून कधी सुटला ते मला आठवत नाही. मी तिच्या मागे होतो एवढं खरं. आमच्या सावल्या पुढे लांबवर पडल्या होत्या.

मागे मेव्हणा म्हणाला, "आबा, बंद करू का? बॅटरी उतरंल."

"हात लावू नको!" सासरे ओरडले. "पोरगी चालायलीय, दिसंना का तुला?"

वाट वळेपर्यंत तो उजेड आमच्या पाठीशी होता.

एस.टी. नेहमीप्रमाणे उशिरा आली. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून चढलो. कंडक्टरनं आधी आमचे पाय पाहिले, मग खिडकीतून रानात पाहिलं. तिकडे दोन मोठे दिवे अजून जळत होते.

"कुणाची वरात हाय तिकडं?"

"आमचीच," बायको म्हणाली. "दोन जिंतूर द्या."