दाजींच्या विमानातली हवा

अक्काचा फोन आला तेव्हा मी बार्शीत होतो, कॉलेजच्या परीक्षांच्या कामासाठी. ‘‘दाजी गेले रे...’’ एवढंच ती म्हणाली आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. मी पिशवी उचलून निघालो. बरोबरच्या प्राध्यापकांना कारण सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘विमानात का?’’ सोलापूरच्या स्टँडवर भेटलेल्या ओळखीच्या रिक्षावाल्यानंही तेच विचारलं. पुढं आठवडाभर जो येई तो आडून आडून हेच विचारी. तर नाही. दाजी दुपारी जेवून कॉटवर आडवे झाले होते. अक्का चहाला उठवायला गेली, ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आता दीडेक महिना झाला. त्यांनी घरी विमान बांधलं हे पुष्कळांना माहीत आहे. त्या विमानातली हवा सुधारण्यात त्यांची दोन वर्षं गेली, हे मात्र घरच्यांखेरीज कुणाला फारसं ठाऊक नाही. मला दाजी खरे कळले ते त्या दोन वर्षांत, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, ते यजमान. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारली नाही. त्यांचा कूलरचा कारखाना होता, अक्कलकोट रोडला. पत्रा कापणं, वाकवणं, पंखा बसवणं, सगळं स्वतः शिकलेले. पण त्याआधी, कॉलेजात असताना, ते दोन वर्षं बाहेरगावी विमान चालवायला शिकले होते. लायसन्स हातात आलं आणि वडील आजारी पडले. मग कारखाना, लग्न, मुलीचं शिक्षण... विमानाचा विषय घरात कधी निघायचा नाही. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली त्या वर्षी एका रविवारी जेवताना ते अक्काला म्हणाले, ‘‘मी विमान बांधावं म्हणतोय.’’ अक्कानं ताटात आमटी वाढली आणि विचारलं, ‘‘ठेवणार कुटं?’’ तिची परवानगी एवढीच. तिनं नको म्हटलं असतं तर त्यांनी बांधलं नसतं, हे मला खात्रीनं माहीत आहे.

वळसंगला त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तिथं पत्र्याची मोठी शेड उभी राहिली. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या आल्या. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असं छोटं विमान. दिल्लीच्या परवानग्या, पुन्हा उड्डाणाचा सराव, धावपट्टीसाठी केलेली सपाट जमीन, ही सगळी वेगळी कथा आहे. ती इथं सांगत बसत नाही. बांधायला पाच-सहा वर्षं लागली. मी सुट्टीत जायचो, रिव्हेट मारताना पत्रा मागून धरायचो. दाजी कामात असले की फार बोलत नसत. मधेच थांबायचे, बोटानं पत्र्याची कड चाचपायचे, ‘‘हं...’’ म्हणायचे आणि पुन्हा सुरू. त्या विमानाला बसण्याच्या जागेवर एक मोठं फुगीर पारदर्शक झाकण होतं. चारी दिशा दिसाव्यात म्हणून. ज्या थंड देशात तो नमुना तयार झाला तिथं ते बरं असेल. सोलापूरच्या उन्हात मात्र त्या झाकणाखाली बसणं म्हणजे कुणीतरी आपल्याला बरणीत घालून गच्चीवर ठेवल्यासारखं होतं.

सगळ्या चाचण्या संपल्यावर शेजारच्या सीटवर पहिला मान अक्काचा, हे ठरलेलं होतं. मार्चमधली सकाळ होती. अक्का चापून साडी नेसून आली, विमानाला कुंकू लावलं, आत बसली. अर्ध्या तासानं ते उतरले. झाकण उघडलं तर अक्काचा चेहरा पांढरा पडलेला, पोलकं घामानं भिजलेलं. दोन पावलं चालून ती कडेला ओकली. डोकं धरून शेडच्या सावलीत बसली. दाजी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ‘‘काय झालं? भीती वाटली का?’’

‘‘भीती कसली? भट्टीत घालून फिरवलासा की मला. लई उकडायलंय आत. आणि डोकं... हातोडा मारल्यासारखं.’’

‘‘तुला ऊन सोसतच न्हाय,’’ दाजी म्हणाले.

‘‘आता मी त्यात बसणार न्हाय. साकु.’’ साकु म्हणजे कानडीत पुरे. अक्काच्या तोंडून तो शब्द आला की विषय संपायचा.

दाजींना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी शेडवर गेले. विमान त्यांनी दोघांसाठी बांधलं होतं. एकट्यानंच उडवायचं असतं तर त्यांनी एका सीटचं बांधलं असतं. शिवाय गावात चेष्टा सुरू झाली होती. सोलापूरला कूलर विकणाऱ्या माणसाच्या विमानात बायकोला उकडतं, हे लोकांना ऐकायला फार गोड वाटत होतं. दाजी स्वतःही हसायचे. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना हवा घेणारी तोंडं मोठी केली. फरक पडला नाही. मग आणखी एक तोंड पुढं काढलं, त्याला रबरी नळी जोडून थेट चेहऱ्यावर झोत येईल असं केलं. जमिनीवर पंखा लावून बघितलं की झोत छान यायचा, वर गेलं की मरगळायचा. मग त्यांच्या लक्षात आलं की आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नाही. गिऱ्हाइकाला ते रोज सांगायचे, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा होतो. ‘‘लोकांना शिकवतो आणि स्वतःच विसरलो बघ,’’ असं मला म्हणाले. सीटच्या मागं, शेपटीच्या पोकळीकडं एक पत्र्याचा पडदा होता. तारा जाण्यासाठी त्यात आधीच फटी होत्या. दाजींनी तिथं चांगलं वीतभर भोक पाडून जाळी बसवली. हवा पुढून येईल, माणसावरून जाईल आणि शेपटीतून निघून जाईल, असा हिशेब. तो कुणालाही पटला असता. मलाही पटला.

त्यानंतर पावसाळा गेला, थंडी पडली. डिसेंबरात दाजींनी मला सकाळी वर नेलं. हिप्परग्याच्या तलावावरून एक फेरी मारली. पाण्यावर धुकं होतं, मी स्वेटर घातला होता आणि गारठा लागतो म्हणून पुढची तोंडं आम्ही बंद करून घेतली होती. उतरल्यावर आम्ही थेट अक्काकडं जेवायला गेलो. तिनं माझ्यासाठी हुग्गी केली होती. गव्हाची ही खीर मी वाडग्याचा तळ दिसेपर्यंत सोडत नाही. त्या दिवशी मला दोन घासही जाईनात. मळमळत होतं, कपाळ ठणकत होतं. दाजी म्हणाले, ‘‘माझंही जरा जड झालंय डोकं. जागरण झालं असेल.’’

अक्का पळी हातात घेऊन उभी होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

‘‘आज तर थंडी हाय. मग ह्याचं डोकं का दुखायलंय?’’



‘‘माझं दुखलं तवा तुमी म्हणलासा ऊन सोसत न्हाय. ह्याला काय थंडी सोसत न्हाय का? ते ऊन न्हवतंच. आत दुसरं काहीतरी येतंय.’’

दाजी ताटावरून उठले. हात धुतले आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागं गेलो. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ‘‘इंजिनाचा धूर,’’ ते हळू म्हणाले. ‘‘कार्बन मोनॉक्साइड. वास येत न्हाय त्याला. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते... आणि मग माणूस उठत न्हाय.’’ मग म्हणाले, ‘‘तिला मी अर्धा तास वर फिरवलं. अजून अर्धा तास फिरवलं असतं तर?’’ आत अक्का भांडी आवरत होती. ते उठून आत गेले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ‘‘त्या दिवशी मी तुला बोल लावला,’’ म्हणाले. अक्कानं वळून न बघता सांगितलं, ‘‘मला लावलासा ते जाऊ द्या. आता ते भोक शोधा.’’

विमान त्याच दिवसापासून जमिनीवर राहिलं. तो वायू ओळखून शिट्टी वाजवणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते दाजींनी मागवलं. शेडबाहेर इंजिन चालवून बघितलं, यंत्र गप्प. मग पुढची तोंडं पूर्ण उघडी ठेवून ते एकटेच वर गेले, धावपट्टीभोवतीच एक छोटा फेरा मारायला. वळणावर यंत्र वाजायला लागलं. उतरून मला म्हणाले, ‘‘तुझ्या अक्काचं बरोबर हाय.’’ गंमत म्हणजे ते सांगताना त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. दोष कळला की त्यांना निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं.

धूर कुठून येतो हे शोधण्याची युक्ती साधी होती. लोकरीचे वीतभर धागे घ्यायचे, एक टोक चिकटपट्टीनं लावायचं आणि वर गेल्यावर धागा कुणीकडं झुकतो ते बघायचं. धागे अक्कानं दिले, नातवाच्या टोपीतून उरलेली लाल लोकर. बाहेर, आत, झाकणाच्या कडेला, मागच्या जाळीवर, सगळीकडं आम्ही ते लावले. वैमानिकाला मागं वळून बघता येत नाही, म्हणून मला जावं लागलं. खरं सांगतो, मला भीती वाटली होती. दाजींनी यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाले, ‘‘वाजलं की सांग, लगेच उतरतो. लाजू नको.’’ आम्ही वर गेलो. मी मान वळवून मागची जाळी बघितली. तिथले धागे मागं, शेपटीकडं ओढले जायला हवे होते. ते सगळे आमच्याकडं झुकले होते. पुढं. जणू कुणी मागून फुंकर घालत होतं. ‘‘दाजी, उलटं आहे!’’ मी ओरडलो आणि तेवढ्यात यंत्र वाजलं.

झालं होतं असं की त्या फुगीर झाकणावरून जाणारा वारा आतली हवा कडांच्या फटींतून वर ओढून घेत होता. ती जागा भरायला शेपटीकडची हवा पुढं येत होती. इंजिनाच्या धुराचा पाइप पोटाखाली सुटत होता, तोच धूर मागच्या सांध्यांतून शेपटीत शिरत होता आणि अक्काच्या वेळी तारांच्या फटींतून, आता दाजींनी पाडलेल्या भोकातून सरळ आमच्या नाकाशी. ज्या वाटेनं हवा बाहेर जावी म्हणून त्यांनी भोक पाडलं, त्याच वाटेनं ती आत येत होती. दाजींनी जाळी काढली, तिथं पत्रा मारला, तारांच्या फटींना रबरी टोप्या बसवल्या, शेपटीचे सांधे बंद केले, धुराचा पाइप लांबवला. मग आतली हवा खरोखर बाहेर जाईल अशी जागा शोधायला लागले. एका जागी तात्पुरतं भोक पाडायचं, धागा लावायचा, वर जायचं, उतरायचं, बुजवायचं. कितीदा तरी. शेवटी दोन्ही बाजूंना, खांद्याच्या जरा मागं, मागे तोंड असलेल्या दोन छोट्या झडपा बसल्या. तिथले धागे बाहेर ओढले जाऊन पत्र्याला चिकटून फडफडत राहिले. पुढची तोंडं तीच होती, पण आता त्यांतून असा झोत आला की माझी टोपी उडाली. यंत्र गप्प होतं. झाकणाला आतून तारेवर सरकणारा पांढऱ्या कापडाचा पडदा अक्कानं शिवून दिला, पण बसायचं नाव काढलं नाही. दाजींनीही विचारलं नाही.

तिच्या त्या पहिल्या फेरीला दोन वर्षं झाली, त्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती आपण होऊन आली. ‘‘ते शिट्टीचं माझ्या हातात द्या,’’ एवढंच म्हणाली. मी खाली शेडपाशी उभा राहिलो. ऊन चढत होतं, पत्रा तापायला लागला होता. मला वाटलं होतं पाच-दहा मिनिटांत येतील. ते पाऊण तासानं आले. झाकण उघडलं. अक्कानं पदर डोक्यावरून घट्ट लपेटून कानांखाली दाबला होता. दाजी तिच्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखे. अक्का सावकाश उतरली, साडी झटकली आणि म्हणाली, ‘‘थंडी वाजली की.’’

दाजी इतके हसले की त्यांना पंखाला टेकावं लागलं.

त्यानंतर ती दोघं पुष्कळदा गेली. पंढरपूरकडं, विजापूरकडं, कधी नुसती वळसंगच्या शेतांवरून. काय बोलायचे वर, कुणास ठाऊक... अक्का एकदा म्हणाली, ‘‘वर काय बोलणार, ऐकू येत न्हाय. बसतो आपले.’’

दाजींना आम्ही वळसंगच्या जमिनीत माती दिली. महिनाभरानं विमानाचं काय करायचं हा प्रश्न आला. मुलगी म्हणाली, शेडमध्ये राहू दे, आठवण म्हणून. अक्का म्हणाली, ‘‘उडालं न्हाय तर गंजंल.’’ कर्नाटकातले एक गृहस्थ, पूर्वी नोकरीत विमानं चालवलेले, ते विकत घ्यायचं म्हणून बघायला आले. अक्कानं त्यांना झडपा स्वतः उघडून दाखवल्या, मागचा पत्रा का काढायचा नाही ते कानडीत समजावलं. त्यांनी मान तुकवून सगळं ऐकलं. मग ते डाव्या सीटवर बसायला गेले तर डोकं झाकणाला लागलं. दाजी बुटके होते, त्यांनी बाहेरचं दिसावं म्हणून फोमची जाड उशी सीटवर ठेवलेली होती, बसून बसून मधोमध दबलेली. त्या गृहस्थांनी ती काढली, कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं बघितलं. अक्कानं हात पुढं केला.

परत येताना गाडीत ती उशी तिच्या मांडीवर होती. मी म्हटलं, ‘‘अक्का, मागं ठेव की, जागा आहे.’’

‘‘असू दे,’’ ती म्हणाली. घरी पोचल्यावर तिनं ती त्यांच्या कॉटवर ठेवली नाही, कपाटातही नाही. स्वयंपाकघरात पाटावर टाकली आणि तिच्यावर बसून भाजी निवडायला घेतली. परवा गेलो तेव्हाही ती तिच्यावरच बसली होती. ‘‘गुडघ्याला बरं पडतंय,’’ म्हणाली.