साराबुलाकला गेलेले डूल

ऊलकान जुमाबायेवा, जन्म १९५७, मृत्यू २०२२, राहणार कोचकोर. जमीन-नोंदणी कार्यालयात सत्तावीस वर्षे कारकून, त्यानंतर चार वर्षे चांदीच्या डुलांची ऑनलाइन विक्रेती. पहिल्या नोकरीत तिच्या हातून एकही चूक झाल्याची नोंद नाही. दुसऱ्या व्यवसायात पहिल्याच महिन्यात एक झाली, आणि ती अशी की तीत एक मेंढी गेली व पोटच्या मुलाचे नाव खराब झाले.

डूल तिचा नवरा तुर्दाकून घडवीत असे. माणूस हाताचा कुशल होता, परंतु विकण्याच्या बाबतीत इतका संकोची की गिऱ्हाइकाने किंमत विचारली की त्याचेच कान लाल होत. म्हणून २०१८ च्या वसंतात ऊलकानने एका संकेतस्थळावर दुकान उघडले. संकेतस्थळाची नियमावली तिने दोनदा वाचली. सातवे कलम असे होते: खरेदीदाराने लिहिलेल्या पत्त्यात विक्रेत्याने स्वतःहून बदल करू नये, शंका आल्यास विचारावे व उत्तर येईपर्यंत माल पाठवू नये. हे कलम कमी शिकलेल्या विक्रेत्यांसाठी असावे, असा ऊलकानने निष्कर्ष काढला.

तिसरी मागणी गुल्शारा नावाच्या बाईची आली. पत्ता होता: तोंग जिल्हा, जाश्तिक रस्ता, घर क्रमांक ३१. गावाचे नाव नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने एक ओळ लिहून विचारले असते. परंतु १९९३ साली याच तोंग जिल्ह्यात, सरोवराच्या दक्षिण काठच्या गावांत घरांना क्रमांक देण्याच्या कामावर याच ऊलकानला पाठवले होते. तिने स्वतःच्या हाताने पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. जाश्तिक रस्ता तिथल्या अर्ध्या गावांत असला, तरी एकतिसाव्या घरापर्यंत पोहोचणारा एकच, साराबुलाकचा. तिने पत्त्यात ‘साराबुलाक’ घातले आणि त्याखाली समाधानाने रेघ ओढली. मधल्या पंचवीस वर्षांत लोकांनी नवी घरे बांधली असतील, हे तिला सुचले नाही. ज्याला तिने क्रमांक दिला नव्हता, ते घर तिच्या लेखी घरच नव्हते.

चांदी उघडी पाठवू नये म्हणून डूल तिने कोऱ्या पांढऱ्या रुमालात गुंडाळले, आत गुल्शाराच्या नावाची चिठ्ठी घातली, वर पत्ता व आपला फोन क्रमांक लिहिला, आणि मंगळवारी पुडके तोंगकडे जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती दिले.

बुधवारी दुपारी फोन आला.

“नमस्कार, विहीणबाई!”

“कोण बोलतंय?”

“अगं बाई, आता हेही विचारणार का? साराबुलाकहून काल्यचा बोलतेय. बेगायमची आजी! डूल पोचले. पोरीनं कानात घातलेसुद्धा. मेंढी कापली, शेजारीपाजारी जेवून गेले. तुम्ही कधी येताय?”

ऊलकान खुर्चीत बसली. पांढऱ्या रुमालात डूल आले आणि मुलीने ते घातले, की सोयरीक ठरली. हे सांगायला तिला कुठल्याही नियमावलीची गरज नव्हती.

“तुम्हाला… काही विचित्र नाही वाटलं?” तिने चाचपडत विचारले. “माणसं न येता नुसते डूल?”

“वाटलं ना! पण म्हटलं, कोचकोरची माणसं, घाईतली. आणि आजकाल सगळं गाडीनंच येतं. परवा सुनेनं गादी मागवली, तीही अशीच आली. आमची पोर एकोणतीस वर्षांची आहे, विहीणबाई, आम्ही चौकश्या करत बसत नाही. मुलगा काय करतो?”

“खोदयंत्र चालवतो,” ऊलकान म्हणाली, कारण प्रश्नाला उत्तर देण्याची तिला सवय होती. तिचा मेलिस तेहतीस वर्षांचा, अविवाहित, आणि त्या क्षणी डोंगरातल्या खाणीवर एक खड्डा खणत होता.

तुर्दाकूनने सर्व ऐकून घेतले आणि हातातली कानस खाली ठेवली.

“सत्तावीस वर्षं लोकांच्या जमिनी जागच्या जागी ठेवल्यास,” तो म्हणाला, “आणि घरचा मुलगा भलत्याच क्रमांकावर टाकलास.”

“दात काढू नकोस.”

“मी कुठं काढतोय? मुलगी बरी असेल तर राहू दे की. परत मागवायचा खर्च वाचेल.”

गुरुवारी गुल्शाराचा संदेश आला: “डूल कुठे आहेत? रविवारी मला ते सुनेला घालायचेत. पाहुणे बोलावून झालेत. आले नाहीत तर तुमच्या दुकानाबद्दल काय लिहीन ते वाचायला या.” तिचे गाव कोकदोबो निघाले, साराबुलाकच्या पुढे अकरा किलोमीटर. नवे डूल घडवायला तुर्दाकूनला दहा दिवस लागत. तेव्हा शुक्रवारी सकाळी ऊलकान टॅक्सीत बसली. रविवारच्या आत ते डूल एका मुलीच्या कानांतून काढून दुसरीच्या कानांत पोहोचवायचे होते, आणि पहिलीची गावभर शोभा होऊ द्यायची नव्हती. दोन्ही एकदम कसे साधावे, हे सांगणारे कलम कुठेच नव्हते.

एकतीस क्रमांकाच्या घरावर तिनेच ठोकलेली पाटी होती, किंचित तिरकी. आत नऊ बायका, बोर्सोकचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर आणि दारापासून सर्वांत दूरची मानाची जागा तिची वाट पाहत होती. ऊलकानने तीनदा तोंड उघडले. तिन्ही वेळा त्यात कोणीतरी काहीतरी घातले. मग काल्यचा आजी स्वतः ताट घेऊन आली. ताटात मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज, पातळ कापून एकावर एक ठेवलेले. हा घास दोन्हीकडच्यांनी खाल्ला की व्याही झाले. मग ते नाते न्यायालयही सोडवीत नाही.

“हात धुऊन येते,” ऊलकान म्हणाली आणि जवळजवळ पळाली.

अंगणात तिच्या हातांवर पाणी घालायला जी मुलगी आली, तिच्या कानांत तुर्दाकूनचे डूल होते.

“परत न्यायला आलात ना, आपा?” मुलीने हळूच विचारले.

ऊलकानच्या हातून साबण निसटला.

“पुडकं मीच उघडलं होतं. आत चिठ्ठी होती. गुल्शारा कोण ते मला माहीत नाही, पण ती मी नाही, एवढं मला वाचता येतं.”

“मग घातलेस कशाला, पोरी?”

“गेली सात वर्षं मला रोज कोणीतरी विचारतं, कधी, कधी, कधी. दातांच्या दवाखान्यात रोग्याच्या तोंडात हात घालते, तर तो तसाच विचारतो. हे घातले आणि तीन दिवस कोणीही काही विचारलं नाही. इतकी शांत झोप मला शाळेत असतानासुद्धा लागली नव्हती.” तिने डुलाला बोट लावले. “चांगले आहेत. जरा जड आहेत.”

“मी आत जाऊन सांगते. चूक माझी आहे. पत्ता मीच बदलला.”

“आणि मग साराबुलाकमध्ये मी कोण? दुसऱ्याचे डूल घालून मिरवणारी.” बेगायमने तांब्या खाली ठेवला. “त्यापेक्षा मी तुमच्या मुलाला नाकारते. तुम्ही फक्त गप्प बसा. जमेल?”

चुकीची नोंद डोळ्यांदेखत होऊ देणे ऊलकानला आयुष्यात कधी जमले नव्हते. परंतु या प्रसंगात बोलायचा हक्क आपला नाही, हेही तिला कळत होते. तिने ओले हात रुमालाला पुसले आणि मान हलवली.

काल्यचा आजीने घास उचलला होता, तोच बेगायमने डूल काढून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवले.

“आजी, मला हा मुलगा नको.”

“का? काय झालं?”

“तेहतीस वर्षांचा घोडा. डूल स्वतः आणले नाहीत, आईच्या हाती दिले नाहीत, बटाट्यांच्या पोत्यांवर टाकून ड्रायव्हरबरोबर पाठवले. जन्मभर हा मला असाच कुठेतरी पाठवील.”

नऊ बायकांना हे एकदम पटले. मग त्या बोलू लागल्या. खोदयंत्र चालवणाऱ्यांचे स्वभाव, कोचकोरच्या लोकांची चिक्कू जात, मुलाला धाक नसलेल्या आया, कशाचीच बाकी ठेवली नाही. ऊलकानने मान खाली घालून अर्धा तास ते ऐकले आणि एकाही विधानात दुरुस्ती सुचवली नाही. काल्यचा आजीने घास परत ताटात ठेवला आणि डूल बोटाने तिच्याकडे सरकवले. पांढरा रुमाल मात्र दिला नाही.

त्याच संध्याकाळी ऊलकान कोकदोबोला पोहोचली आणि गुल्शाराला सर्व खरे सांगितले. डूल एका मुलीच्या कानांत तीन दिवस होते, हेही.

“उकळत्या पाण्यात बुडवून काढते,” गुल्शारा म्हणाली. “सून काय वास घेऊन ओळखणार आहे?”

“तुम्ही गावाचं नाव लिहिलं नव्हतं.”

“कशाला लिहू? मी कुठं राहते ते सगळ्यांना ठाऊक आहे!”

रविवारचा समारंभ पार पडला. गुल्शाराने दुकानाला पाचापैकी चार तारे दिले. माल उशिरा आला म्हणून एक कापला. त्यानंतर ऊलकानने दोनशेहून अधिक जोड विकले, आणि पत्त्यात साधी पिनकोडची शंका आली तरी संदेश पाठवून उत्तराची वाट पाहिली. एका गृहस्थाने सहा आठवडे उत्तर दिले नाही. त्याचे डूल सहा आठवडे कपाटात राहिले.

आपल्याला कुणीतरी नाकारले आहे, हे मेलिसला पुढच्या उन्हाळ्यात एका टॅक्सीवाल्याकडून कळले. तो तडक घरी आला. ऊलकानने त्याला सर्व हकीकत सांगितली, पण माफी मागितली नाही. ती तेवढी राहून गेली. साराबुलाकमध्ये तो आजही नाकारलेला मुलगा म्हणून ओळखला जातो. ती नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार एकट्या बेगायमचा आहे, आणि तिने तसे अजून केलेले नाही.